खुर्चीवरून दिसणारा चंद्र

मला भाऊ नाही. लहानपणी फणसवाडीत भाऊबीजेच्या संध्याकाळी शेजारच्या मुली आपापल्या भावांना पाटावर बसवत, तेव्हा आई माझ्या हातात निरांजनाचं तबक देऊन मला गच्चीवर पाठवायची. ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळायचं, अशी आमच्याकडची रीत. मला त्या रीतीचा मनस्वी राग यायचा. इतरांचे भाऊ निदान ओवाळणी घालायचे, वेण्या ओढायचे. माझा भाऊ म्हणजे द्वितीयेची कोर, कापलेल्या नखाएवढी, सूर्य बुडाल्यावर जेमतेम थोडा वेळ टिकणारी. त्यात मी पहिल्यापासून चष्मेवाली. बहुतेक वर्षी मी अंदाजानेच तबक फिरवून खाली यायचे आणि आईला सांगायचे, ओवाळलं.

लग्न झाल्यावर माझ्या भावाला शोधून द्यायचं काम नवऱ्याने स्वतःकडे घेतलं. तो मूळचा मालवणकडचा, खाडीकाठचा. त्याचे वडील भरती-ओहोटी बघून जाळं टाकायचे आणि भरती-ओहोटी चालते चंद्रावर. त्यामुळे आज तिथी कोणती, चंद्र कधी उगवणार, कुठे मावळणार, हे त्या घरातल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ. मुंबईत येऊन त्याने जन्मभर दुकानात नोकरी केली, तरी ते डोक्यातून गेलं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत कोणाला एकादशी कधी आहे ते हवं असेल, तर कॅलेंडरचं पान उलटण्याआधी लोक आमच्या दारात येत. भाऊबीजेला तो माझ्या मागे उभा राहायचा, हनुवटी धरून माझं तोंड फिरवायचा आणि बोट दाखवायचा. "थय बघ गो. दिसता मा?"

मी त्याला अरे-तुरे करते. आमचं लग्न आमचं आम्ही जमवलेलं. मी तेव्हा शाळेत नुकतीच लागले होते आणि तो दादरला एका मॅचिंग सेंटरमध्ये होता. साडी घेऊन जायचं आणि तिला जुळणारं ब्लाउजचं कापड घेऊन यायचं, असलं ते दुकान. तो साडीचा काठ एकदा बघायचा, मागे वळायचा आणि भिंतभर रचलेल्या कापडांतून नेमकं एकच ओढायचा. रंगांना त्याची स्वतःची नावं होती. हा शेवाळी नाही, हा पावसातल्या कौलाचा. हा पिवळा नाही, हा जुन्या लोणच्याच्या तेलाचा. बायका हसायच्या आणि कापड घेऊन जायच्या. मीही गरजेपेक्षा बऱ्याच जास्त वेळा ब्लाउज शिवले. सासूबाईंना माझं एकेरी बोलणं शेवटपर्यंत आवडलं नाही, म्हणून त्यांच्यासमोर मी 'अहो' म्हणायचे. त्या गेल्यावर ते 'अहो' फक्त मी चिडल्यावर बाहेर निघतं.

मग त्याचे रंग चुकायला लागले. एक बाई कापड परत घेऊन आली, मग दुसरी आली. मालक भला माणूस, काही बोलला नाही. यानेच एक दिवस घरी येऊन सांगितलं की उद्यापासून जाणार नाही. साखर बरीच वर्षं होती, ती डोळ्यांत उतरली होती. उजवा डोळा आधी गेला. डाव्यात रक्त उतरलं की सगळं धुरकट व्हायचं, थोडं निवळायचं, पुन्हा धुरकट. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. मी बाहेरच्या बाकावर बसायचे आणि डोळ्यात सुई जाते म्हणजे नेमकं काय होतं याचा विचार करायचा नाही असं ठरवून तोच विचार करत राहायचे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर असंच एक इंजेक्शन झालं. बाहेर येऊन तो म्हणाला, डॉक्टर बोलले, महिनाभर बघायचं. फरक पडणार. मी रिक्षाची सवय असल्यासारखी हात दाखवत राहिले, परळ-लालबागमध्ये रिक्षा येत नाहीत हे विसरून, आणि तो खदखदून हसला. इतकी बातमी मला आवडली होती.

त्याला कारणही होतं. आमची एकुलती एक मुलगी बंगळूरला असते. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी विचारायचं सोडून दिल्यावर तिला दिवस राहिले होते. ते टिकवायला डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही जमणार नव्हतं. तिला सासू नाही, जावई बिचारा ऑफिस सांभाळून वरण-भात करत होता. तिचं एकच म्हणणं होतं, आई, मार्गशीर्ष लागला की तू ये आणि बाळ सावरेपर्यंत राहा. फोन स्पीकरवर होता. मी सांगितलं, बाबांना स्वतःपुरतं दिसायला लागलं तर येते. त्यांना गॅसपाशी एकटं सोडून मी कशी येऊ? पलीकडे ती रडायला लागली. तिला समजत होतं, पण रडू आवरत नव्हतं. तेव्हा हा जमिनीवर बसून वाटाणे सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "दिसतला गो. तिकीट काढा."

डॉक्टरांनी घरी नजर तपासायला चौकटी-चौकटींचा एक कागद दिला होता. रोज त्याच्याकडे बघून रेषा सरळ दिसतात का ते सांगायचं. याने तो फ्रिजवर लावू दिला नाही. मी काय गणिताचा पेपर देतोय काय, म्हणाला. त्यापेक्षा मी चंद्र बघीन. रोज बघीन आणि रोज तुला सांगीन, कुठे आहे, केवढा आहे. मला ते पटलं. जो माणूस जन्मभर चंद्र बघत आला, त्याची परीक्षा चंद्रावरच घेतलेली बरी, असंच मला वाटलं.

भाऊबीजेला तो गॅलरीत माझ्या मागे उभा राहिला. आमची गॅलरी पश्चिमेला, डिलाईल रोडच्या बाजूला तोंड करून. पूर्वी तिथे गिरणीच्या शेडची पत्र्याची छपरं आणि त्यांच्यावर मोकळं आकाश असायचं. त्याने माझी हनुवटी धरली, तोंड फिरवलं आणि बोट दाखवलं. मला काहीच दिसलं नाही, पण मला ते कधीच पटकन दिसत नाही. मी त्याच्या बोटाच्या दिशेने तबक ओवाळलं. "दिसता मा?" "दिसला," मी म्हटलं. मनात म्हटलं, ह्याला दिसला ना, बास झालं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी सुखात होते, हे सांगितलं पाहिजे. रोज संध्याकाळी तो गॅलरीतल्या आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि मी आतून विचारायचे, काय म्हणतोय तुझा चंद्र? पंचमीला म्हणाला, होडीसारखा पाठीवर पडलाय. सप्तमीला म्हणाला, आता बराच वर बसलाय, मावळायला वेळ आहे. अष्टमीला मान मागे टाकून बसला होता, डोक्यावर आलाय म्हणाला, अर्धा, सुरीने कापल्यासारखा. चंद्र वाढत होता आणि त्याच्याबरोबर त्याची नजरही वाढत होती असं मी धरून चालले. दशमीला तर त्याने गच्चीवरून येऊन मला डागसुद्धा सांगितले, डावीकडचा काळपट, खालचा फिकट. मी लगेच मुलीला फोन केला. ती पुन्हा रडली, या वेळी आनंदाने. एकादशीला जावयाने माझं विमानाचं तिकीट काढून पाठवलं, कार्तिकी अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाचं. मी कपाटावरची बॅग काढून पुसून ठेवली.

त्रिपुरी पौर्णिमेला चाळीच्या गच्चीवर सगळ्यांनी पणत्या लावल्या. पूर्वेला, कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या पलीकडून चंद्र वर येतो. मी वाती सारख्या करत फिरत होते, कोणाची पणती विझली, कोणाचं तेल सांडलं. हा कठड्याला धरून एकटाच उभा होता. मी जवळून जाताना माझा हात धरून म्हणाला, "अगो, आज बरो दिसता." मी म्हटलं, दिसणारच, पुनव आहे. आणि पुढे गेले.

पौर्णिमेनंतर चंद्र संध्याकाळचा उशिरा उगवतो आणि सकाळी उजाडलं तरी पश्चिमेला रेंगाळत असतो. म्हणून याने आपली वेळ बदलली. सकाळी चहाआधी खुर्चीत बसू लागला. द्वितीयेच्या सकाळी मी दोन कप घेऊन बाहेर आले. तो म्हणाला, "बघ, अजून हा थय. फिकट झालो, पण हा." बोट समोर, जरा वर.

मी बघितलं. समोर टॉवर होता. गिरणीच्या जागेवर गेलं वर्षभर चढत असलेला, वरपासून खालपर्यंत हिरव्या जाळीत गुंडाळलेला, माथ्यावर क्रेन. त्याच्या बोटाच्या पुढे ती हिरवी जाळीच होती, दुसरं काही नाही. मी म्हटलं, कुठे? तो म्हणाला, "अगो, समोर. शेडच्या वर." चहा घ्यायला त्याने हात पुढे केला, तो कपाच्या एका बाजूला आला. मी कप हातात ठेवला.

मी काहीतरी निमित्त काढून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, नळापाशी गेले. तिथून बघितलं तर टॉवरच्या कडेला चंद्र होता, पांढरा, दळताना सांडलेल्या पिठासारखा. त्याचं गणित बरोबर होतं. चंद्र तिथेच होता, जिथे तो म्हणत होता. फक्त आमच्या दारातून, त्याच्या खुर्चीवरून तो कोणालाच दिसला नसता, धड डोळ्यांच्या माणसालासुद्धा. त्याच्या हिशेबात तिथे अजून पत्र्याची शेड होती आणि मोकळं आकाश. तो टॉवर बांधताहेत हे त्याला माहीत होतं, दिवसभर यंत्रं ऐकायचा, पण अजून पाया खणताहेत असंच तो धरून होता, आणि आम्हीही कोणी त्याला कितवा मजला झाला हे सांगितलं नव्हतं. डोळ्यांदेखत उभा राहिलेला एवढा मोठा टॉवर ज्याला दिसला नाही, त्याला नखाएवढी कोर काय दिसणार? भाऊबीजेला त्याने बोट दाखवलं होतं ती जागा मी आठवून बघितली. तिथेही टॉवरच होता, ह्याच्या जोडीचा, ह्याच्याआधी चढलेला. मी त्या टॉवरला ओवाळलं होतं.

मी नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिले. शेजारच्या खोलीतली मावशी, आमच्याहून वयाने बरीच मोठी, बालदी घेऊन आली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि नळाखाली बालदी सरकवली.

आधी वाटलं, विचारावं. मग वाटलं, एखाद्या सकाळची चूक असेल. माणूस स्वतःला किती बनवतो. दोन दिवसांनी संकष्टी होती. आमच्या चाळीत संकष्टीचा उपास बऱ्याच बायका करतात, आणि चंद्र दिसल्याशिवाय घास तोंडात घालत नाहीत. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पण आमच्याकडे ती चालत नाही. गोदामांच्या छपरांवरून चंद्र वर यायला मागेपुढे होतं, थंडीत धुरकं असलं तर आणखीच. म्हणून वर्षानुवर्षं हा गच्चीवर जातो, बघतो आणि जिन्यातून हाक मारतो, "चंद्र इलो!" मग बायका आरतीची ताटं घेऊन वर जातात. त्याची हाक आल्याशिवाय कुकर उघडत नाही, असं मावशी म्हणते.

त्या दुपारी त्याने मला सहज विचारल्यासारखं विचारलं, आज कॅलेंडरात चंद्रोदय किती वाजता दिलाय गो? आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला हे विचारलं होतं. मी वेळ सांगितली आणि कणीक मळत राहिले. कणीक किती वेळ मळली मला सांगता येणार नाही.

रात्री जेवणाच्या वेळेला मी त्याच्या मागोमाग गच्चीवर गेले. धुरकं एवढं दाट होतं की गोदामं दिसत नव्हती, रस्त्याचे दिवेसुद्धा पिवळे डाग झाले होते. बायका आधीच वर येऊन थांबल्या होत्या, मावशी पुढे, ताटात दूर्वा, तीर्थाची पळी. याने बोलून वेळ सांगणारा आपला फोन कानाला लावला, वेळ ऐकली आणि पूर्वेकडे तोंड करून हात वर केला. "इलो बघा. तांबूस हा, पण इलो."

आकाशात काही नव्हतं. मी चष्मा पुसून बघितलं. काही नव्हतं. मला वाटलं आता कोणीतरी म्हणेल, काका, कुठे? आणि सगळं संपेल. कोणी म्हणालं नाही. मावशी म्हणाली, "हो रे बाबा, दिसला." मग दुसरी म्हणाली, दिसला काका. मग तिसरी. त्यांनी त्या रिकाम्या धुरक्याला आरती ओवाळली, पळीने अर्घ्य सोडलं, नमस्कार केला. मावशीने जन्मभरात एक संकष्टी मोडलेली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. तिने चंद्र न बघता तीर्थ घेतलं, सगळ्यांच्या आधी, त्याला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने "गणपती बाप्पा मोरया" म्हणत. मला तेव्हा कळलं की सबंध चाळीला माहीत होतं. मला सोडून.

बायका खाली गेल्या, तोही एक एक पायरी पायाने चाचपत खाली गेला. मी सतरंजी गुंडाळायच्या निमित्ताने वर राहिले. बऱ्याच वेळाने धुरक्यात एक मळकट तांबडा डाग उठला आणि हळूहळू त्याचा चंद्र झाला. खाली सगळ्या घरांतून जेवणाचे आवाज येत होते. मी तिथेच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी औषधं आणायला जाते सांगून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते माझ्याकडे बघून जरा चकित झाले. म्हणाले, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही? मी त्यांना इंजेक्शनच्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं की नजर आता परत येणार नाही. उजेड-अंधार कळतो तेवढा टिकावा म्हणून शेवटचं इंजेक्शन दिलं. मी तुम्हाला आत बोलावत होतो, पण ते म्हणाले, बायकोला मी सांगतो, माझ्या पद्धतीने सांगतो.

त्याची पद्धत मी इतके दिवस ऐकत होते. होडीसारखा, सुरीने कापल्यासारखा, डावीकडे काळपट डाग. परळहून मी चालतच घरी निघाले. मला त्याचा भयंकर राग आला होता. डोळे तुमचे जातायत आणि तुम्ही मला खेळवताय? एवढं मोठं दुःख एकट्याने गिळायचं आणि मला होडीच्या गोष्टी सांगायच्या? रस्त्याने मी त्याला मनातल्या मनात सारखं अहो-जाहो करत होते. तिकीट रद्द करायचं, मुलीला सांगायचं, तो आंधळा झालाय, मी येत नाही. हे वाक्य मी सबंध वाटेवर घोकलं आणि चाळीच्या जिन्यापर्यंत आले तेव्हा ते माझ्या तोंडून निघेना.

जिन्यात मावशी भेटली. मी तिला विचारलं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, "दिवाळीपासून. आमच्या दाराला अडखळायला लागला तेव्हाच कळलं. त्याने हात जोडून सांगितलं, हिला बोलू नका, हिला लेकीकडे जाऊ दे." मी म्हटलं, मी कशी जाऊ? ती म्हणाली, "त्याचं जेवण मी बघते, गॅसला हात लावू देत नाही. माझा जावई त्याला डॉक्टरकडे नेईल. तू त्याला विचारू नको फक्त. तू विचारलंस की तो लगेच खरं बोलेल, आणि मग तुझा पाय निघणार नाही. तुझी पोर तिकडे एकटी पडेल आणि हा इकडे स्वतःला खाईल, माझ्या डोळ्यांपायी झालं म्हणून. इतके दिवस बिचाऱ्याने एवढं केलंय." मावशीला हे बोलताना हुंदका आला. तिला रडताना मी त्याआधी एकदाच बघितलं होतं, तिचा नवरा गेला तेव्हा.

मी विचारलं नाही. त्यानंतर आम्ही दोघंही नाटक करत होतो आणि त्याला फक्त त्याच्या नाटकाची माहिती होती. मी म्हटलं, मला फळीवरचे डबे नव्याने लावायचेत. मिठाच्या बरणीला मी जाड रबर लावलं, त्याच्या गोळ्यांच्या सकाळच्या डबीला दोरा बांधला, रात्रीच्या डबीला बांधला नाही. तो म्हणाला, "बरा केलंस," आणि कशासाठी ते विचारलं नाही. पुढच्या तपासणीची तारीख त्याने मी गेल्यानंतरची घेतली होती. म्हटलं, बरं झालं, मावशीचा जावई येईल ना बरोबर? हो म्हणाला. मी पाठ फिरवून बॅगेत साड्या भरत राहिले, कारण माझा चेहरा त्याला दिसणार नाही हे माहीत असूनही मला तो लपवावासा वाटत होता.

रोज सकाळी चंद्र बारीक होत गेला. अष्टमीला म्हणाला, आज डोक्यावर आहे, अर्धा. एकादशीला म्हणाला, आता पूर्वेला सरकलाय, गच्चीवरून बघावा लागेल. मी म्हणायचे, हो का? मी म्हणायचे, छान. सगळं बरोबर असायचं. तिथीला तो कधी चुकला नाही. त्रयोदशीला चहा पिताना त्याने एकदम म्हटलं, "पुनवेक मात्र खराच बरो दिसलो गो. गोळो नाय, पण उजेड केवढो होतो." मी म्हटलं, हं. महिनाभरात त्याने खरोखर बघितलेला चंद्र तो एकच होता, आणि तेव्हा मी पणत्यांत तेल घालत होते. त्याचा हात धरून जरा वेळ थांबले असते तर काय बिघडलं असतं, हे मला अजून छळतं.

अमावास्येच्या संध्याकाळी तो खुर्चीत पाय पसरून बसला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "आज काय बघूचा नाय." इतक्या दिवसांत त्याचा आवाज मी एवढा मोकळा ऐकला नव्हता. त्या दिवशी त्याला खोटं बोलायला लागलं नाही. मी खाली त्याच्या पायाशी बसले आणि आम्ही मुलीच्या लहानपणाच्या गोष्टी बोललो, ती कशी हट्ट करायची, कशी एकदा रुसून पाणी भरायच्या पिंपात लपली. तो खूप हसला. जेवताना त्याने माशाची मोठी तुकडी मला घ्यायला लावली, म्हणाला, बंगळूरात असले मासे मिळायचे नाहीत.

सकाळी टॅक्सी आली. देवदिवाळी होती, गावाकडे आज घरोघरी वडे असतील असं तो दोनदा म्हणाला. मी त्याला खाली येऊ दिलं नाही. पाया पडले, तर त्याने माझं डोकं धरून दाबलं. म्हणाला, "पोरीक सांग, बाबा बरे आसत. आणि घाईन परत येऊ नको." मावशी दारात उभी होती. तिने मला मान हलवून जा म्हटलं.

आमच्या फाटकासमोरचा रस्ता गटारासाठी खणला होता, म्हणून टॅक्सीवाला पलीकडच्या टोकाला, मेडिकलच्या दुकानापुढे थांबला होता. मी बॅग आत ठेवली आणि वर बघितलं. तो गॅलरीत कठड्याला टेकून उभा होता, नवा शर्ट घालून, केस विंचरून. आमची टॅक्सी नेहमी फाटकाच्या डाव्या हाताला उभी राहते. तो तिकडे बघत हात हलवत होता. तिथे खणलेली माती होती आणि दोन पिवळे अडथळे. तो हसत होता, तोंडाने काहीतरी बोलतही होता, आणि हात हलवत होता त्या मातीच्या ढिगाऱ्याला.

मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. रस्ता ओलांडला, साडी वर धरून तो खड्डा चुकवला आणि त्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन उभी राहिले, बरोबर त्याच्या नजरेसमोर. आणि ओरडले, "बघितलं रे! जाते आता!"

त्याचा आवाज वरून आला. "माका दिसलंस गो! जा, सावकाश जा!"

पलीकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी हात हलवत तिथेच उभी राहिले. तो आत गेल्यावर मग निघाले.